अर्धवट डावाचा हिशेब

29 जुलै 1654 या तारखेचं एक पत्र आहे. लिहिणारा ब्लेझ पास्कल, वय 31, मुक्काम पॅरिस, प्रकृती बिघडलेली आणि अंथरुणाला खिळलेला. ज्याला लिहिलं तो पिएर द फर्मा तुलूझच्या न्यायालयात काम करणारा, गणित फावल्या वेळेत करणारा. दोघांनी स्वतंत्रपणे एकच कोडं सोडवलं आणि उत्तर सारखंच आलं, याचा आनंद पत्राच्या सुरुवातीलाच ओसंडतो. पास्कलला वाटतं, सत्य तुलूझमध्ये एक आणि पॅरिसमध्ये दुसरं असं नसतं याचा हा पुरावाच. अपेक्षित मूल्य, म्हणजे अनिश्चित निकालाची आत्ताची वाजवी किंमत, या कल्पनेचा जन्म सांगताना या पत्राचा उल्लेख होतोच. पण ते ओळीओळीने वाचणारे थोडे. खरी गोडी वाचण्यातच आहे.

कोडं जुनं होतं. दोघे खेळाडू प्रत्येकी 32 पिस्तोल, म्हणजे सोन्याची नाणी, पणाला लावतात. आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी 64. काही कारणाने खेळ मध्येच थांबला तर पैसे कसे वाटायचे? इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने 1494च्या ग्रंथात जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी सुचवली होती. हे वरवर न्याय्य वाटतं. पण एकच डाव झाला असेल तर? जिंकणाऱ्याकडे एक, हरणाऱ्याकडे शून्य. म्हणजे सगळी रक्कम एकाच्या खिशात! गणितज्ञ तार्ताल्याने 1556 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. दोघेही मागे पाहत होते, काय झालं ते मोजत होते. पास्कल पुढे काय होऊ शकतं ते मोजतो. सगळा फरक इथे पडतो.

आणि तो कसा मोजतो ते पाहा. सूत्र नाही, चिन्ह नाही. तो खेळाडूलाच बोलायला लावतो. समजा पहिल्याचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक. पहिला म्हणतो त्याचा आशय असा: पुढचा डाव मी हरलो तरी आपण बरोबरीत येऊ आणि माझे 32 मला मिळतीलच, ते आत्ताच द्या. राहिले 32, ते कदाचित माझे, कदाचित तुमचे, संधी सारखीच. तेव्हा ते निम्मे करू. पहिल्याला 48, दुसऱ्याला 16. संपलं.

मला या युक्तिवादाचं सौंदर्य त्याच्या क्रमात दिसतं. आधी निर्विवाद ते बाजूला काढायचं, मग फक्त वादातलं अर्धं करायचं. सरासरीचा इथे मागमूस नाही. ‘हजार वेळा खेळलात तर’ ही आजच्या पाठ्यपुस्तकांची टेकू देणारी ओळ इथे लागतच नाही. खेळ एकदाच झालाय, माणसं दोनच आहेत आणि दोघांनाही मान्य होईल असा हा सौदा आहे. अपेक्षित मूल्य जन्मतः न्यायाची कल्पना होती, दीर्घकालीन सरासरीची नव्हे, हे इथे लख्ख दिसतं.

मग पास्कल एक पायरी मागे सरकतो. स्थिती 2-0. जिंकलो तर 64. हरलो तर 2-1, आणि त्या जागेची किंमत आत्ताच ठरली आहे, 48. म्हणून 48 पक्के, उरलेल्या 16चे अर्धे 8, एकूण 56. आणखी मागे, 1-0. जिंकलो तर 56, हरलो तर बरोबरी, म्हणजे 32. मधल्या 24चे अर्धे 12, उत्तर 44. एका पायरीवरचं उत्तर पुढच्या पायरीचा पाया होतं. शेवटाकडून सुरुवातीकडे येण्याची ही चाल इतकी सहज आहे की तिच्यातलं धाडस लक्षातही येत नाही.

यानंतर पत्र जड होतं. कोष्टकं येतात, फ्रेंच पुरेशी वाटेना म्हणून एक भाग लॅटिनमध्ये येतो. तिथे रसिकाने पानं उलटली तरी चालेल. फर्माची पद्धत वेगळी होती: पहिल्याला दोन डाव हवेत, दुसऱ्याला तीन, तर जास्तीत जास्त चार डावांत निकाल लागणारच, चारही खेळले असं धरायचं. 16 प्रकार होतात, त्यांतले 11 पहिल्याच्या बाजूचे. 64चे अकरा-सोळांश, पुन्हा 44. या पद्धतीवर रोबेर्व्हाल या फ्रेंच गणितज्ञाची हरकत अशी की दोन डावांतच निकाल लागला तर लोक उरलेले कशाला खेळतील? पास्कलने 24 ऑगस्टच्या पत्रात तिची दखल घेतली. न खेळल्या जाणाऱ्या डावांनी निकाल बदलत नाही, हे उत्तर सोपं आहे. पटायला मात्र वेळ लागतो.

आता पत्रात जे नाही त्याकडे येऊ. 48 पिस्तोल हातात घेऊन उठणारा आणि 2-1वर खेळत राहणारा, दोघांचं अपेक्षित मूल्य एकच. पण दुसऱ्याच्या हाती शेवटी 48 कधीच येणार नाहीत. येतील 64 किंवा शून्य. हा फरक मोजणारं माप म्हणजे व्हेरियन्स: प्रत्येक निकाल अपेक्षित मूल्यापासून किती दूर आहे त्याचा वर्ग घ्यायचा आणि शक्यतांच्या प्रमाणात सरासरी काढायची. हा शब्द रोनाल्ड फिशरने 1918 मध्ये रूढ केला. पण पास्कलच्या आकड्यांत ते माप आधीपासून दडलेलं आहे.

खेळ सुरू होताना 64 किंवा शून्य, मध्य 32. दोन्हीकडे अंतर 32, म्हणून व्हेरियन्स 1024. 1-0वर तो 880 होतो, 2-0वर 448. 2-1वर पुन्हा 768. प्रतिस्पर्ध्याने एक डाव घेतला की आपलं अपेक्षित मूल्य 56वरून 48वर येतं, फक्त 8 उतरतं; अनिश्चितता मात्र जवळपास पावणेदोनपट होते. पाहणाऱ्याचा श्वास का अडकतो याचं हे उत्तर आहे.

याहून सुंदर गोष्ट बेरजेत आहे. प्रत्येक डावात अपेक्षित मूल्य किती उडी मारतं त्याचा वर्ग करा, तो डाव होण्याच्या शक्यतेने गुणा. पहिल्या डावाचा वाटा 144, दुसऱ्याचा 144, तिसऱ्याचा 160, चौथ्याचा 192, पाचव्याचा 384. बेरीज बरोबर 1024. पाचवा डाव आठांतल्या तीनच वेळा होतो, पण खेळातली एक तृतीयांशाहून अधिक अनिश्चितता एकट्या त्याच्याकडे आहे! पास्कलच्या 12, 8, 16 आणि शेवटच्या 32 या उड्यांतूनच हे निघतं; त्याने फक्त वर्ग केले नाहीत.

ही पत्राची उणीव म्हणायची का? थोडीशी. खेळ थांबवणं म्हणजे व्हेरियन्स शून्यावर आणणं, आणि पास्कलची वाटणी त्या निश्चिंतपणाचे पैसे कुणाकडूनच घेत नाही. दोघेही खाऊनपिऊन सुखी असतील तर ठीक. पण एकाचे 32 हीच त्याची सारी पुंजी असेल तर? डॅनिएल बर्नुलीने 1738 मध्ये असाच गरीब माणूस उभा केला. त्याच्याकडे एक तिकीट, त्यावर 20,000 ड्युकॅट किंवा काहीच नाही, शक्यता समसमान. त्याने ते 9,000ला विकलं तर चुकलं का? पास्कलच्या हिशेबाने 1,000 कमी घेतले. बर्नुलीच्या मते त्याने शहाणपणा केला, आणि एखाद्या श्रीमंताने तेच तिकीट 9,000ला नाकारलं तर तो मूर्ख. मला बर्नुली पटतो. तरी पास्कलचा 48 आधी नसता तर बर्नुलीला काय कमी-जास्त झालं हे सांगताच आलं नसतं.

वाचकांनी पत्राचा पहिला भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचावा आणि मग पणाची रक्कम तीच ठेवून चार डाव जिंकायचा सामना स्वतः मांडावा. पहिल्या विजयाने अपेक्षित मूल्य 32वरून 42वर जातं, लागोपाठच्या दुसऱ्या विजयाने 52वर. दोन्हींची किंमत सारखीच, 10 पिस्तोल.