दप्तरखान्यातील इतिहासकार

आलेक्सी द तॉकव्हिल (१८०५–१८५९) या फ्रेंच इतिहासकाराचे नाव निघते ते बहुधा अमेरिकेतील लोकशाहीवरील त्याच्या ग्रंथामुळे. परंतु सरकारी नोकरीत आयुष्य वेचणाऱ्या वाचकाने त्याचा १८५६ सालचा ‘जुनी राजवट आणि क्रांती’ हा ग्रंथ आवर्जून वाचावा.

तॉकव्हिल उमराव घराण्यातला. त्याच्या आईकडील पणजोबा मालझेर्ब यांनी सोळाव्या लुईचे वकीलपत्र घेतले होते. १७९४ मध्ये त्यांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. आईवडीलही तुरुंगात पडले होते. रोबस्पिएरच्या पतनामुळे ते वाचले. अशा घरातील माणसाने क्रांतीला शिव्याशाप दिले असते तर नवल नव्हते. त्याने तिचे मूळ शोधले, यातच त्याची थोरवी आहे. १८४९ मध्ये काही महिने तो परराष्ट्रमंत्री होता. १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकाविली, तेव्हा विरोधी प्रतिनिधींबरोबर त्यालाही अटक झाली आणि त्याचे राजकारण संपले. पुढे तूर येथील दप्तरखान्यात तो जुन्या प्रांताधिकाऱ्यांचे कागद वाचीत बसला.

त्या कागदांतून निघालेला सिद्धान्त धक्का देणारा होता. सारी सत्ता राजधानीत एकवटण्याची रीत क्रांतीची नव्हे. ती तिला जुन्या राजवटीकडून वारशाने मिळाली. गावच्या चर्चचा मनोरा दुरुस्त करण्याची परवानगी मिळण्यास किमान एक वर्ष, बहुधा दोन-तीन वर्षे लागत. हे वाचून आपणांपैकी अनेकांच्या ओठांवर ओळखीचे हसू उमटेल. परंतु लेखकाचा रोख विनोदाकडे नाही. प्रत्येक गोष्टीसाठी वर पाहणारा समाज एकत्र येऊन काही करण्याची कला विसरतो, हे त्याचे खरे दुःख आहे.

दप्तर हेच त्याचे बळ आणि तीच त्याची मर्यादा. नियम कडक पण अंमल ढिला, हे त्याने स्वतःच नोंदविले. निष्कर्ष काढताना मात्र त्या ढिलाईला पुरेसे वजन दिले नाही. हुकूम सुटला म्हणजे पाळला गेला असे नव्हे, हे कारकुनाइतके कोण जाणतो? १७८८ चे बुडालेले पीक आणि पावाची महागाई यांनाही ग्रंथात गौणच स्थान मिळाले आहे.

याहून गंभीर उणीव ग्रंथाबाहेरची आहे. स्वातंत्र्याच्या या उपासकाने अल्जीरियावरील फ्रेंच वर्चस्वाचे समर्थन केले. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यावर लिहिण्यासाठीही त्याने टिपणे काढली होती. तो ग्रंथ पुरा झाला नाही. आपल्या देशासाठी मागितलेले स्वातंत्र्य दुसऱ्याच्या देशाला देताना त्याचा हात आखडला, हे भारतीय वाचकाने विसरू नये.

तरीही या ग्रंथाचे मोल कमी होत नाही. राज्यकर्ते बदलले तरी दप्तराची वहिवाट टिकून राहते, हे त्याच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखविले असेल. आपल्या टेबलावरील फाइल कोणत्या राजवटीचा वारसा चालवीत आहे, हा प्रश्न त्याच्या वाचनानंतर टाळता येत नाही.