लाइपसिकची वादसभा
ख्रिस्ती धर्मसुधारणा आंदोलनातील एक निर्णायक शास्त्रार्थ. जर्मनीतील लाइपसिक येथे १५१९ मध्ये मार्टिन ल्यूथर आणि कॅथलिक धर्मपंडित योहान एक यांच्यात तो झाला. यान हुसला दोषी ठरविणारी कॉन्स्टन्सची धर्मपरिषदही (१४१४–१८) चुकू शकते, हे एकने ल्यूथरकडून वदवून घेतले. पोप व परिषद या दोहोंचे प्रामाण्य असे डळमळल्यावर ल्यूथरला बायबल हेच अंतिम प्रमाण उरले. उलट, ट्रेंट धर्मपरिषदेने १५४६ मध्ये बायबलबरोबर अलिखित प्रेषितीय परंपरेलाही समान आदराचे स्थान दिले.

तथापि दोन्ही भूमिका सदोष आहेत. मारबुर्क येथे १५२९ मध्ये प्रभुभोजनविषयक एकाच वचनाचा ल्यूथर व त्स्विंग्ली यांनी भिन्न अर्थ लावला. त्यांच्यात निवाडा करणारा कोणी नव्हता. कॅथलिकांपाशी निवाडा करणारे पीठ होते. परंतु तेच चुकल्यास दाद कोठे मागावी, या प्रश्नाला उत्तर नव्हते. हुसला तर १४१५ मध्येच जिवंत जाळण्यात आले होते. म्हणजे खरा वाद ग्रंथाच्या श्रेष्ठतेचा नसून अर्थनिर्णयाच्या अधिकाराचा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मपीठ हे ईश्वरी वचनाहून श्रेष्ठ नसून त्याचे सेवक असल्याचे घोषित केले. मात्र अधिकृत अर्थनिर्णय त्या पीठाकडेच ठेवल्याने मतभेदाचे मूळ कायम राहिले.