‘सेक्रेटरी’ : साहेबाचा हुकूम आणि दाराबाहेरची जागा

विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या, ते मी इथून पाहिलं. मांजरसुंब्यात, कपिलधारच्या वाटेवर, साहेब आणि त्याच्या सेक्रेटरीच्या प्रेमाचा अमेरिकन सिनेमा कशाला? थोडं थांबा, कारण कळेल.

‘सेक्रेटरी’ हा स्टीव्हन शेनबर्ग यांचा २००२ सालचा चित्रपट. ली नावाची मुलगी मनोरुग्णालयातून घरी येते. बाप दारुडा. ती स्वतःलाच जखमा करून घेते. टायपिंग शिकते आणि ग्रे नावाच्या वकिलाकडे नोकरीला लागते. टायपिंगमधल्या चुकांवर तो लाल पेनानं गोल करतो, पुढे शिक्षा करू लागतो, आणि तिला ते हवंसं वाटतं. एके दिवशी तो सांगतो, यापुढे स्वतःला कापायचं नाही. ती थांबते.

यावर आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ‘शी, विकृती!’ अशी असते. मला ती आळशी वाटते. दोन प्रौढ माणसांना एकमेकांत काय गोड वाटावं, हे ठरवायला तत्त्वज्ञान लागत नाही आणि पंचही लागत नाहीत. माझा आक्षेप वेगळा आहे. हुकूम देणाऱ्याच्याच हातात पगार असेल, तर ‘हो’ या शब्दाचं वजन किती? विश्वास म्हणजे समोरचा आपल्याला इजा करू शकतो आणि तरी करणार नाही, हा भरवसा. तो पारखायचा कधी? आपण ‘नाही’ म्हणतो तेव्हा. ऑफिसात लीच्या तोंडी ‘नाही’ची वेळच दिग्दर्शक येऊ देत नाही.

एक गोष्ट मात्र चित्रपटाच्या बाजूनं बोललीच पाहिजे. ग्रेला स्वतःची लाज वाटते आणि तो तिला कामावरून काढतो. लग्नाचा पोशाख घालून ली परत येते, टेबलावर हात ठेवून दिवस दिवस बसून राहते, तेव्हा ती नोकर उरलेली नसते. म्हणून तो हट्ट खरा वाटतो. पण बघा, लाज त्याची आणि नोकरी गेली तिची! हा हिशेब चित्रपट विचारतच नाही. मेरी गेटस्किल यांच्या ज्या कथेवरून तो घेतला (‘बॅड बिहेवियर’, १९८८), तिच्यात लग्न नाही. मुलगी नोकरी सोडते आणि मनातला गुंता तसाच राहतो. जुनी जखम साहेबाच्या एका हुकमानं भरते, असं ती कथा म्हणत नाही. मला कथाच जास्त प्रामाणिक वाटते.

आता आपल्या ‘सखाराम बाइंडर’कडे या. तेंडुलकरांचं हे नाटक १९७२ मध्ये रंगमंचावर आलं. निळू फुल्यांचा सखाराम, सेन्सॉरशी भांडण, हायकोर्ट, सगळं झालं. लोक शिव्यांवर चिडले. मला त्यातला करार महत्त्वाचा वाटतो. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला सखाराम पहिल्याच दिवशी अटी सांगतो, आणि पटत नसेल तर जा, दार उघडं आहे, असंही सांगतो. एवढा स्पष्ट मालक मराठीत विरळा! पण जाणार कुठं? लक्ष्मी भाच्याकडे जाते, तिथून हाकलली जाते आणि याच दारात परत येते. नवऱ्याच्या छळातून पळालेल्या चंपाला सखारामजवळ जायला दारू लागते. तिची ती ‘संमती’ अर्ध्या शुद्धीतली. लीच्या आणि चंपाच्या ‘हो’मध्ये फरक स्वभावाचा नाही, दाराबाहेरच्या जागेचा आहे. लीला परतायला आईबापाचं घर आहे.

आणि इथे, आपल्या जिल्ह्यात? ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. ती फिटेपर्यंत फडातून निघायचं म्हणजे कर्ज डोक्यावर घेऊनच निघायचं. तिथे मुकादमाचा शब्द मोडण्याची किंमत बाईला रुपयांत मोजता येते. सखारामनं निदान दार तरी उघडं ठेवलं होतं.

कायद्याचंही सांगतो, कारण व्याख्यान संपल्यावर कुणीतरी विचारतंच. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. म्हणजे ग्रेसारखं एवढंसं वकिली ऑफिस बीडला असतं, तर मामला तिथे जाणार. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने, आणि समितीला ती आणखी तीन महिने वाढवता येते. आता लीसारखी मुलगी, जिला आपल्याला काय हवंय हेच समजायला वेळ लागतो, ती या मुदतीत कुठे बसणार? कायद्याला साहेब आणि नोकर दिसतात. प्रेम दिसत नाही, आणि ते दिसावं अशी अपेक्षाही नको.

हेगेलनं १८०७ मध्ये लिहून ठेवलंय की धन्याला धनीपण नोकराच्या मान्यतेतूनच मिळतं. ली टेबलाशी बसून राहते तेव्हा कासावीस होतो तो ग्रे. चित्रपटातला माझा आवडता भाग हाच. हुकूम देणारा माणूस दाराशी घुटमळतोय, आणि आत ती बसलेली आहे, स्वतःच्या मर्जीनं, बिनपगारी.

बरं, आता प्रश्न. मागच्या बाकावरच्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, आधी त्या.