कात्री कुणाच्या हातात

स्टेजवर एक बाई पाय दुमडून बसली आहे. समोर कात्री. प्रेक्षकांनी एकेक करून वर यायचं, तिच्या अंगावरच्या कपड्याचा लहानसा तुकडा कापायचा आणि तो घरी न्यायचा. ती हलणार नाही. प्रयोग कधी थांबवायचा एवढंच तिनं स्वतःकडे ठेवलंय.

योको ओनोनं ‘कट पीस’ पहिल्यांदा केलं जुलै १९६४ मध्ये, क्योतोत. तिथे एकजण वर आला आणि त्यानं कात्री तिच्यावर उगारली. भोसकली नाही, नुसती उगारून तसाच उभा राहिला. ही आठवण ओनोनंच पुढे सांगितली आहे. मग तोक्यो, मार्च १९६५ मध्ये न्यूयॉर्कचा कार्नेगी रिसायटल हॉल आणि १९६६ मध्ये लंडन. कार्नेगीतल्या प्रयोगाची मेझल्स बंधूंनी फिल्म केली. ती दहा मिनिटांचीही नाही, पण संपेपर्यंत आपण अंग चोरून बसलेलो असतो. सुरुवातीला लोक सभ्यपणे येतात, बाहीचा, कडेचा तुकडा कापतात, लगबगीनं खाली उतरतात. मग एक तरुण येतो. त्याला घाई नाही. तो आतल्या कपड्याला हात घालतो, प्रेक्षकांसाठी काहीतरी विनोदी बोलतो, खालून हशा येतो. तो ब्राचे पट्टे कापतो. इतका वेळ दगडासारखी बसलेली ओनो डोळे फिरवते आणि दोन्ही हात छातीशी नेते.

आपल्याकडच्या कुणालाही हे बघताना द्रौपदी आठवेल. मलाही आठवली, पण ती तुलना फार पुढे जात नाही. द्रौपदीला फरफटत आणलं होतं आणि तरी भर सभेत प्रश्न विचारणारी तीच होती. इथे बाईनं स्वतःहून निमंत्रण दिलंय आणि ती एकही प्रश्न विचारत नाही. म्हणूनच सगळा प्रश्न सभेवर येतो. कोण किती कापतो, कोण हसतो, कोण नुसता बघतो, हे सगळं दिसतं. ज्याच्या हातात कात्री आहे त्याला ‘मी काही केलं नाही’ असं म्हणता येत नाही. प्रेक्षकाचा सहभाग हा शब्द आज कलेच्या जगात ऊठसूट वापरतात. त्याचा इतका कठोर अर्थ मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

ही फिल्म मोठ्या पडद्यावर दिसली ती लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये. ‘म्युझिक ऑफ द माइंड’ हे ओनोच्या सात दशकांच्या कामाचं प्रदर्शन तिथे १५ फेब्रुवारी ते १ सप्टेंबर २०२४ असं भरलं होतं, दोनशेहून जास्त कलाकृतींचं. मी गेलो तेव्हा ऑगस्ट होता, शेवटच्या आठवड्यांतली गर्दी होती. हे नुसतं बघायचं प्रदर्शन नव्हतं. खिळे ठोका, बुद्धिबळ खेळा, पिशवीत शिरा, कॅनव्हासच्या भोकातून हात घालून पलीकडच्या अनोळखी माणसाशी हस्तांदोलन करा, भिंतीवर लिहा, आईबद्दल चिठ्ठी चिकटवा. जत्रेत असावी तशी हालचाल, आणि बऱ्याच जणांच्या हातात मोबाइल.

हे सगळं आनंदाचं होतं हे आधीच सांगतो. एरवी म्युझियममध्ये दबकून चालणारी माणसं इथे हसत होती. तरीही दालनामागून दालन ओलांडताना एक गोष्ट खटकत राहिली. ज्या एका कलाकृतीत आपला हात खरोखर गुन्हेगार ठरू शकतो, ती तेवढी पडद्यावर होती. साठ वर्षांपूर्वीची, कृष्णधवल, पूर्ण सुरक्षित. बाकी सगळ्यांत भाग घ्यायची मुभा होती, कारण त्यात कुणाचं काहीच जाणार नव्हतं.

खिळ्यांचंच घ्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये लंडनच्या इंडिका गॅलरीत ओनोचं प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी जॉन लेनन आला, ही गोष्ट बीटल्सच्या चाहत्यांना तोंडपाठ असते. त्याला तिथल्या फळीवर खिळा ठोकायचा होता. ओनो म्हणाली, पाच शिलिंग पडतील. तो म्हणाला, मी तुला काल्पनिक पाच शिलिंग देतो आणि काल्पनिक खिळा ठोकतो. ही गोष्ट प्रेमकथेची सुरुवात म्हणून सांगतात. मला त्यातला सौदा जास्त आवडतो. ओनोनं खिळ्याला किंमत लावली होती, म्हणून त्याला विचार करावा लागला. टेटमध्ये एकदा तिकीट काढलं की खिळा फुकट. लोक ठोकत होते, मित्र व्हिडिओ काढत होते, पुढचा नंबर. ठोकाठोकीचा आवाज दालनभर छान घुमत होता. पण ते ठोकणं कुणाच्या लक्षात राहिलं असेल असं वाटत नाही.

‘व्हाइट चेस सेट’चंही तेच. दोन्ही बाजूंच्या सोंगट्या पांढऱ्या, पटही पांढरा. कुठली सोंगटी कुणाची हे आठवतंय तोवर खेळायचं. आठवेनासं झालं की शत्रू कोण हेच कळत नाही, आणि तिथे खेळ बदलतो. युद्धाबद्दल याहून सोपं आणि हुशार विधान सापडणं कठीण. मात्र त्या क्षणापर्यंत पोचायला वीसेक चाली तरी लागतात. मी उभा होतो तेवढ्या वेळात चार जोड्या बसल्या आणि चौथ्या-पाचव्या चालीला फोटो काढून उठल्या. फक्त एक बापलेक टिकून होते. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. ती बापाचाच घोडा उचलून त्याच्याच प्याद्यावर टाकत होती आणि तो ‘अगं, तो माझा’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत कळवळून सांगत होता. तिला पटत नव्हतं. पट पाहिला तर त्याच्याकडेही पुरावा नव्हता.

बाहेर ‘विश ट्री’ होती. चिठ्ठीवर इच्छा लिहून फांदीला बांधायची. लहानपणी जपानमध्ये देवळात जाऊन ती असं करत असे, तिथून ही कल्पना आली असं ओनो सांगते. जगभरच्या अशा झाडांवरच्या दहा लाखांहून जास्त चिठ्ठ्या आइसलंडमध्ये, रेक्याविकजवळच्या व्हिडेय बेटावरच्या तिच्या ‘इमॅजिन पीस टॉवर’कडे गेल्या आहेत. आपल्याला यात परकं काही नाही. दर्ग्याच्या जाळीचे धागे, देवीच्या झाडाला बांधलेल्या बांगड्या आणि कापडाचे पाळणे आपण बघतच मोठे होतो. फरक एकच, पण मोठा. आपल्याकडे नवस बोलला की फेडावा लागतो. पोर झालं तर पेढे, नाहीतर अनवाणी वारी, निदान नारळ. न फेडल्याची धास्ती घरातली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं बाळगतात. टेटच्या झाडापाशी असा व्यवहारच नव्हता. ‘जगात शांतता नांदो’ लिहिलं, गाठ मारली, कॉफी प्यायला मोकळे. ती इच्छा खोटी होती असं मी म्हणत नाही. लिहिणाऱ्यावर त्यापुढे काही बंधन आलं नाही, एवढंच.

मग म्युझियमनं काय करायचं होतं? रोज दुपारी एखाद्या मुलीला स्टेजवर बसवून लोकांच्या हाती कात्री द्यायची? नाही, आणि ‘नाही’ का याचं उत्तर लांब शोधायला नको. त्याच शहरात, टेटचं हे प्रदर्शन उघडण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, रॉयल अकॅडमीत मरिना अब्रामोविचचं प्रदर्शन संपलं होतं. तिचं आणि उलायचं १९७७ मधलं ‘इम्पोंडेराबिलिया’ तिथे पुन्हा केलं जात होतं. अरुंद दारात दोन नग्न माणसं समोरासमोर उभी, त्यांच्यामधून अंग घासत पलीकडे जायचं. बोलोन्याला हे दोघं स्वतः उभे होते आणि पोलिसांनी येऊन थांबवलं होतं. लंडनमध्ये उभे होते नेमलेले तरुण कलाकार, आणि ज्यांना तिथून जायचं नसेल त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवली होती. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या मोमामध्येही हाच प्रयोग नेमलेल्या कलाकारांकडून करून घेतला होता. त्यांच्यापैकी एकानं जानेवारी २०२४ मध्ये म्युझियमवर दावा लावला. प्रेक्षकांनी लैंगिक हेतूनं आपल्याला वारंवार हात लावला आणि संस्थेनं पुरेसं संरक्षण दिलं नाही, असा त्याचा आरोप आहे.

या प्रकारच्या कलेची मोठ्या संस्थांमध्ये होणारी खरी अडचण मला इथे दिसते. १९६४ मध्ये धोका पत्करणारी आणि कल्पना सुचलेली बाई एकच होती. प्रयोग थांबवायचा हक्क तिच्याकडे होता. पुनर्प्रयोगात नाव कलावंताचं, तिकिटाचे पैसे संस्थेचे आणि अंग तिसऱ्याच कुणाचं. त्यामुळे ‘कट पीस’ची नुसती फिल्म दाखवण्याचा टेटचा निर्णय मला बरोबर वाटतो. खुद्द ओनोनं २००३ मध्ये, सत्तरीत, पॅरिसला ते पुन्हा केलं तेव्हा ती स्वतःच खुर्चीवर बसली. तुकडा पोस्टकार्डाएवढा कापा आणि तुमच्या प्रेमाच्या माणसाला पाठवा असं तिनं सांगितलं. सत्तरीतली ती बाई आता जगप्रसिद्ध होती, श्रीमंत होती आणि विधवा होती. कात्री तीच, पण धोक्याचा अर्थ बदललेला. तो अर्थ तिच्याऐवजी दुसरं कुणी भाड्यानं आणू शकलं नसतं.

असं असताना दोन दालनांनी मात्र मला माझं म्हणणं ताणू दिलं नाही.

एक ‘बॅग पीस’. मोठी काळी कापडी पिशवी, त्यात शिरायचं, आत वाटेल ते करायचं. १९६४ मधलीच कल्पना. पुढे १९६९ मध्ये ओनो आणि लेनन यांनी व्हिएन्नाच्या हॉटेलात पिशवीत बसून पत्रकार परिषद घेतली होती, तेव्हा ती चेष्टेचा विषय झाली. गंमत अशी की आतून बाहेरचं अंधुक दिसतं, बाहेरून आतलं काहीच दिसत नाही. वय, रंग, बाई की पुरुष, काही नाही, नुसता हलणारा ढीग. पिशवीत गेलेल्या मुलांचे मित्र बाहेरून व्हिडिओ काढत होते, आणि त्या व्हिडिओत दाखवण्यासारखं काही येतच नव्हतं. चेहरा नाही, टॅग कुणाला करणार? स्वतःचा चेहरा दिवसभर नीट करून लोकांसमोर ठेवायची सवय लागलेल्या पिढीला ही पिशवी ओनोच्या पिढीपेक्षा जास्त कामाची आहे. एक मुलगी आत गेली आणि बराच वेळ हललीच नाही. बाहेर मैत्रिणी आधी हसल्या, मग हाका मारू लागल्या, मग गप्प झाल्या. ती बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले होते. ते सारखे करायच्या आधी ती मिनिटभर तशीच उभी राहिली.

दुसरं दालन ‘ॲड कलर’, निर्वासितांची होडी. पांढऱ्या खोलीत पांढरी होडी, आणि लोकांनी निळ्या रंगात लिहायचं. फेब्रुवारीत ती खोली कोरी होती. ऑगस्टपर्यंत भिंती, जमीन, होडी, हात पोचेल तिथवर सगळं निळं झालं होतं. मी आधी चिडलो. बदामात कोरलेली नावं, इन्स्टाग्रामची हँडल, ‘अमुक इथे येऊन गेला’. अजिंठ्यापासून रायगडापर्यंत आपण जे करतो तेच, फक्त इथे मार्कर अधिकृत. निर्वासितांच्या नावानं उभारलेल्या खोलीत निर्वासित कुठे आहे? मधूनमधून पॅलेस्टाइन दिसत होतं, ‘शांतता’ कितीतरी लिप्यांत दिसत होती, पण त्यावरून दुसऱ्या कुणाचं नाव गेलेलं होतं.

पण थोडं थांबलं की डोळे वेगळं वाचायला लागतात. आता लिहिलेलं काहीच लागत नव्हतं. नवीन आलेला माणूस मार्कर घेऊन कोरी जागा शोधत खोलीभर फिरत होता, गुडघ्यावर बसत होता, शेवटी कुणाच्या तरी नावावर आपलं नाव टाकत होता आणि मागे सरून बघत होता, तर ते दिसत नव्हतं. निळ्यात निळं. प्रत्येकानं आपली खूण ठेवायचा हट्ट धरला म्हणून कुणाचीच खूण उरली नाही. खोलीचं पाणी झालं आणि होडी त्यात कडेपर्यंत बुडाली. इथे कुणी कुणाला रोखलं नव्हतं, कुणी कापलंही नव्हतं. तरी हे आपण केलंय हे समोर दिसत होतं. ‘कट पीस’मधल्या त्या तरुणाला एका झटक्यात कळलं असेल किंवा नसेल, ते इथे सहा महिन्यांत हजारो हातांनी साचत गेलं होतं. या खोलीतली माणसं मला खिळे ठोकणाऱ्यांपेक्षा गप्प वाटली. काहीजण मार्कर न उघडता परत ठेवत होते.

ओनोला हे नेमकं असंच हवं होतं का, यात मला फार रस नाही. तिच्या कामाची जात सूचनांची आहे. १९६४ मध्ये तोक्योत छापलेलं तिचं ‘ग्रेपफ्रूट’ हे पुस्तक म्हणजे अशा सूचनांचा संग्रह. काही करता येण्याजोग्या, काही फक्त मनात करायच्या. याचं मूळ ती युद्धातल्या आठवणीत शोधते. १९४५ मध्ये तोक्योवर आगीचा वर्षाव झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. खेड्यात हलवल्यावर खायला पुरेसं नव्हतं. ती आणि तिचा धाकटा भाऊ छपराच्या फटीतून आभाळ बघत पडायचे आणि एकमेकांना काल्पनिक जेवणं वाढायचे. पोट भरत नसे, पण दिवस जाई. हे वाचून ‘मनात करा’ या सूचनेकडे मी भाबडेपणा म्हणून बघू शकत नाही. भुकेल्या मुलांनी शोधलेली ती युक्ती आहे.

आणि म्हणूनच टेटला जाता आलं नाही याची हळहळ फार करू नये. होडीची खोली चुकली हे नुकसानच. पण तिच्या सुरुवातीच्या सूचनांपैकी एक १९५५ मधली आहे. तिच्यावरून केलेली, जळत्या काडीची संथ फिल्मही या प्रदर्शनात होती. त्यासाठी रांग लागत नाही आणि कुणी फोटो काढायची गरज नाही. काडी पेटवायची आणि ती विझेपर्यंत बघत राहायचं, एवढंच. काडेपेटी दोन रुपयांना मिळते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण काडी बोटापर्यंत यायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.