ढगफुटी नव्हे, वळीव!

संगीतात पाऊस पाडणं हा बिनभांडवली धंदा आहे, असा पुष्कळ संगीतकारांचा समज दिसतो. ढोल बडवला की गडगडाट, झांज आपटली की वीज आणि बासरीवाल्याने वरच्या पट्टीत चार फुंकरी मारल्या की वारा! बेथोवनने 1808 साली आपल्या सहाव्या सिंफनीत खरंखुरं वादळ उभं केलं. तेव्हा रंगात आलेलं हे खातं अजून बंद झालेलं नाही. मात्र त्यात जमा कमी आणि नावेच जास्त.

एक रक्कम मात्र अस्सल निघाली. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर याची ‘क्लाउडबर्स्ट’ ही रचना. आठ-नऊ मिनिटांची, विंड एन्सेम्बलसाठी. विंड एन्सेम्बल म्हणजे ज्यात व्हायोलिनला प्रवेश नाही असा वाद्यवृंद. बासऱ्या, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, पोटाशी धरलेला अगडबंब ट्यूबा, आणि मागे बडवण्याचं खातं. आपल्या वरातीपुढच्या बँडचा हा शिकलेला, टाय लावणारा चुलतभाऊ समजा. फरक एवढाच, की याच्यापुढे कुणी नाचत नाही.

ही चीज मुळात गायकांसाठी होती, 1992 सालची. व्हिटेकर तेव्हा लास व्हेगासच्या विद्यापीठात शिकत होता. दाखल झाला तेव्हा या गृहस्थाला नोटेशनसुद्धा वाचता येत नव्हतं. (आमच्याकडे बॅलन्स शीट वाचता न येणारे पदवी घेऊन बाहेर पडतात, तेव्हा हसायचं कारण नाही.) हाती ओक्ताव्हिओ पाझ या मेक्सिकन कवीचं पुस्तक आलं, त्याच सुमारास वाळवंटात खरी ढगफुटी बघायला मिळाली, आणि त्याने एका शाळेच्या गायकवृंदासाठी हे रचलं. पाझ म्हणजे 1962 ते 1968 दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत असलेले, 1990 चे नोबेलवाले. निवडलेली कविता मात्र राजदूत होण्याआधीची, करपलेल्या मुलखाची, तहानेची.

गडगडाटासाठी काय वापरलं म्हणता? पत्रा! शाळेच्या बाजूचेच मोठाले पत्रे काढून हलवले. ज्याने जून ते सप्टेंबर पत्र्याखाली काढले आहेत, त्याला या वाद्याची ओळख करून द्यायला नको. आणि पावसाचे थेंब? चुटक्या. सगळ्यांनी मिळून वाजवलेल्या चुटक्या. आपल्याकडे शिबिरात मुलं एका बोटाची टाळी, मग दोन बोटांची, असं करत पाऊस पाडतात ना, त्याच जातीचा खेळ. पुढे 2001 साली व्हिटेकरने बँडसाठी हीच रचना नव्याने बांधली. त्यातही चुटक्या ठेवल्या. हजारोंची वाद्यं बाजूला, आणि पाऊस पाडायला अंगठा आणि मधलं बोट!

आता नावाचं बघा. ‘क्लाउडबर्स्ट’चं मराठी ढगफुटी. आणि ढगफुटी म्हटलं की मुंबईकराच्या पोटात गोळा येतो. 26 जुलै 2005 च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. माणसं गेली, संसार वाहून गेले. त्यावर कुणी चुटक्या वाजवल्या तर आपण त्याला दाराबाहेर उभं करू. पण कारकुनी सवयीने मी एक हिशेब मांडला. लास व्हेगासला वर्षाकाठी पाऊस सुमारे 100 मिलिमीटर. म्हणजे आमच्या त्या एका दिवसात त्यांची नऊ वर्षं! अशा गावी ढग फुटला तर तो वैरी म्हणून येत नाही. वाट पाहायला लावून आलेला पाहुणा म्हणून येतो. त्याला आपल्याकडे शब्द आहे: वळीव.

हा शब्द लावला की रचना उलगडते. पहिला अर्धा भाग पाऊस नाहीच. नुसता उकाडा! लोकलमधल्या चौथ्या सीटसारखे एकमेकांना चिकटून बसलेले स्वर, हळूहळू भरत जाणारे. कुणाला घाई नाही. मग वारा, मग पत्रा, मग धो धो. आणि शेवटी चुटक्या विरळ होत होत थांबतात, तसं पागोळ्या गळून संपाव्यात. ज्याला वाट पाहणं जमलं, त्यालाच पाऊस जमला. बाकीचे पहिल्या मिनिटाला ढोल बडवतात आणि मग उरलेली सात मिनिटं भिजलेल्या छत्रीसारखी वागवत बसतात.

दोष आहेच. गायकांच्या मूळ रचनेत तहान शब्दांतून कळते. बँडमध्ये शब्द गेले. पासबुकात रक्कम दिसावी पण ती कुठून आली तो मजकूर कोरा असावा, तसं होतं. गडगडाट बँडचा सरस, पितळेपुढे माणसाचा गळा काय करणार? पण तहान गायकांचीच खरी. मला दोन्हींतून एकच निवडायला सांगितली तर मी गायकांची घेईन. पावसाचा आवाज ऐकवणारे पुष्कळ मिळतात, कोरड ऐकवणारा विरळा.

तेव्हा ऐकायचीच तर मे महिन्याच्या अखेरीस ऐका, पंखा गरम हवा फेकत असताना, आणि गायकांची आधी. जुलैत नको. जुलैत खिडकीबाहेरचा बँड मोठा असतो, फुकट असतो, आणि त्याला ‘आता पुरे’ म्हणून सांगायची सोय नसते.