कोलामी, संगणक आणि आज्ञावलीचे प्रकाशन

द्राविडी भाषांच्या वंशवृक्षासंबंधी विष्णुप्रिया कोलिपाकम व त्यांचे सहकारी यांचा जो निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील वीस भाषांत कोलामीचा समावेश आहे. केळापूर तालुक्यातील कोलाम पोडांवर बोलली जाते ती हीच भाषा. द्राविडी कुलाचे वय सुमारे ४५०० वर्षे, असा निबंधाचा निष्कर्ष. हा आकडा उद्धृत करणारे पुष्कळ. तो कसा निघाला हे पाहणारे थोडे.

वस्तुतः संगणक येथे शेवटी येतो. कोलामीतील अमुक शब्द वारशाने आलेला, की मराठी-तेलुगूतून उसना घेतलेला, हे आधी अभ्यासक ठरवितो. त्या निर्णयाचे शून्य-एकात रूपांतर होते. पुढे शब्द पालटण्याचा वेग सर्व शाखांत सारखा मानावयाचा की निरनिराळा, हेही गणनाच्या आज्ञांत लिहावे लागते. यांतील एखादे गृहीतक बदलले तरी वय सरकू शकते. आणि निबंधाच्या गद्यात हे सारे मावत नाही. प्रस्तुत निबंधाची शब्दसूची सजातीय गटांसह खुली आहे, ‘बीस्ट’ या गणनप्रणालीची मूळ आज्ञावलीही खुली आहे. म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येतो, हा त्याचा मोठा गुण होय.

ही अपेक्षा काही संगणकाबरोबर जन्मली नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडाने १९०६ मध्ये कोलामीचे नमुने छापले. सेतुमाधवराव पगडी यांचे कोलामी व्याकरण १९५० चे, एमेनो यांचा ग्रंथ १९५५ चा. बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशाच्या १९८४ च्या आवृत्तीत पगडींकडून घेतलेले रूप आणि किनवटकडील रूप निरनिराळ्या खुणांनी दाखविले आहे. एखाद्या शब्दाविषयी शंका आली, तर कोणते दप्तर उघडावयाचे ते वाचकास कळते.

आपल्याकडील प्रबंधांत मात्र ‘संगणकाच्या साहाय्याने विश्लेषण केले’ एवढे एक वाक्य आणि त्यामागून कोष्टके! आज्ञावली गबाळी आहे, म्हणून दाखवीत नाही, ही सबब ऐकू येते. गबाळ्या आज्ञावलीतून निघालेली कोष्टके छापताना हा संकोच कोठे जातो? कोलामांच्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न निराळा. ते आवाज बोलणाऱ्यांचे आहेत, त्यांच्या संमतीवाचून ते खुले करू नयेत. परंतु आज्ञावली संशोधकाची स्वतःची असते. शब्दसूची, आज्ञावली आणि वापरलेल्या प्रणालीची आवृत्ती जोडल्याखेरीज विभागाने असा प्रबंध परीक्षकांकडे धाडू नये.