लांबीवरचा सट्टा

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. तेव्हा दिवाळी अंकात पैजेविषयी चार शब्द लिहिले तर वाचकांनी ते अप्रासंगिक मानू नयेत. मात्र ही पैज फाशांची नव्हे. संगणकावर चुरशीने खेळल्या जाणाऱ्या सामन्यांना ई-स्पोर्ट्स म्हणतात, हे घरोघरची मुले जाणतात. या सामन्यांवर परदेशांत जो सट्टा चालतो, त्यातील एका प्रकाराचे हे परीक्षण.

या प्रकारात कोण जिंकेल हे सांगायचेच नसते. सामना किती लांबेल एवढेच सांगायचे. तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतील तर बुकी अडीच डावांवर रेघ ओढतो. दोन डावांत आटोपले तर एका बाजूचे पैसे, तिसरा डाव झाला तर दुसऱ्या बाजूचे. अर्धा डाव कोणी खेळत नाही. पण त्यामुळे बरोबरी टळते.

गणित शाळेच्या फळ्यावर मांडण्याजोगे आहे. संघ तुल्यबळ असतील तर तिसऱ्या डावाची शक्यता शंभरात ५०. एक संघ दहांपैकी सात डाव जिंकण्याच्या ताकदीचा असला, तरी ती ४२. बुकीने दोन्ही बाजूंना रुपयाला १ रुपया ९० पैसे देऊ केले, तर नुसते मुद्दल राखायलाही शंभरात सुमारे ५३ वेळा अंदाज खरा ठरावा लागतो. तेव्हा फायदा कोणाचा, हे सांगायला नकोच.

पण माझा पहिला आक्षेप हिशेबावर नाही, रसावर आहे. २०२२ साली ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाचा जागतिक अंतिम सामना सॅन फ्रान्सिस्कोत झाला. टी-वन हा संघ दोनदा पुढे गेला, डीआरएक्सने दोनदा बरोबरी साधली आणि पाचवा डाव जिंकून अजिंक्यपद पटकावले. पुढच्याच वर्षी सोलमध्ये, आपल्या माणसांसमोर, टी-वनने वायबो गेमिंगला सरळ तीन डावांत हरवले. पहिल्याची लांबी डीआरएक्सच्या चिवटपणातून आली; दुसऱ्याचा आटोपशीरपणा हरलेल्यांच्या जिद्दीतून. कथेचे तरी दुसरे काय असते? साडेचार डावांवर पैज लावणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. पाचवा डाव सुरू झाला की त्याचा निकाल लागला! जिथे इतरांचा श्वास रोखला जातो, तिथे हा गृहस्थ पैसे मोजून उठतो. पृष्ठसंख्येवर पैज लावून कादंबरी हाती घेणाऱ्याला वाचक म्हणावे काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निकालावरच्या सट्ट्यात लबाडी करायची तर खेळाडूला सामना हरावा लागतो, चषक सोडावा लागतो. लांबीवरच्या सट्ट्यात बलवान संघाने एका डावात हात सैल सोडला की पुरे. सामना त्याचाच, चषक त्याचाच. पाप इतके स्वस्त झाले की ते करणाऱ्याला पापासारखे वाटेनासे होते. २०१० साली दक्षिण कोरियात ‘स्टारक्राफ्ट’ खेळणारे नावाजलेले खेळाडू सट्ट्यासाठी मुद्दाम हरल्याचे उघडकीस आले. त्यांच्यावर खटले झाले, आजन्म बंदी आली. सर्वस्व पणाला लावावे लागत असतानाही जिथे माणसे घसरली, तिथे एका डावाच्या मोहाचे काय सांगावे? आणि नुकसान एवढेच नाही. प्रामाणिकपणे गमावलेल्या दुसऱ्या डावाकडेही मग लोक संशयाने पाहू लागतात; पिछाडीवरून उठणाऱ्या संघाचे कौतुक करायला मन धजत नाही.

आपल्याकडे २०२५ साली झालेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. खेळ आणि सट्टा यांतला हा भेद रसिकानेही मनात बाळगावा. घरातला मुलगा पाचव्या डावासाठी जागत बसला, तर त्याला रागावू नये. कोणी जिंकावे असे तुला वाटते, एवढे विचारावे. उत्तर चटकन आले, तर तो खेळच पाहत आहे असे समजून खुशाल त्याच्या शेजारी बसावे.